चौसष्ट हेक्टरांचा ओढा : रामनदीच्या पाणलोटातल्या कामाच्या नोंदी

४ मार्च

पुण्याच्या पश्चिमेला, बावधनच्या बाजूने रामनदीला मिळणाऱ्या एका लहान ओढ्यात पुराला वाट देण्याचे आणि पाणी मुरवण्याचे काम आजपासून सुरू. टेकडीच्या माथ्यापासून रस्त्यावरच्या मोरीपर्यंत पाणलोट ६४ हेक्टर, ओढ्याची लांबी १,४०० मीटर, उतार ११० मीटरचा. नकाशावर रेषा ओढून भागले नाही. दोन ठिकाणी नव्या रस्त्याने पाण्याची मूळ वाट मोडून ते शेजारच्या खोऱ्यात वळवले आहे आणि एका ठिकाणी शेजारचे पाणी आपल्याकडे आले आहे. शहरात पाणलोटाची हद्द पावसाळी गटारांनी ठरते, समोच्च रेषांनी नव्हे. म्हणून प्रत्येक चेंबरचे झाकण उघडून उतार कुठे आहे ते पाहिले आणि हद्द नव्याने आखली.

जमिनीचा हिशेब : टेकडी २६ हेक्टर, इमारती व रस्ते ३०, मोकळे प्लॉट ८. इथल्या एका सोसायटीच्या आवारातली जुनी शेतातली विहीर बुजवलेली नाही हे भाग्य. पाण्याची पातळी जमिनीपासून ७.९ मीटर खाली. पुढच्या सगळ्या कामाची मोजपट्टी हीच विहीर.

११ मार्च

पुराची आकडेमोड. सूत्र साधे : वाहगुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता (मिमी ताशी) × क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०, उत्तर घनमीटर प्रतिसेकंदात. टेकडीला ०.४५, बांधकामाला ०.८५, मोकळ्या प्लॉटला ०.५ धरले. भारित सरासरी ०.६४ येते, ०.६५ घेतली. गवत आणि शेती होती तेव्हा हाच गुणांक ०.३ च्या आसपास असणार.

माथ्यावरचे पाणी मोरीपर्यंत यायला लागणारा वेळ किरपिचच्या सूत्राने, म्हणजे लांबी आणि उतारावरून, १४ मिनिटे. त्यामुळे तासाभराच्या पावसाचा आकडा इथे घ्यायचा नाही, १५ मिनिटांचा घ्यायचा. आम्ही ताशी ११० मिमी धरले. उत्तर १२.७ घनमीटर प्रतिसेकंद. जुन्या गुणांकाने ते ५.९ आले असते. प्रत्यक्षात फरक याहून मोठा आहे, कारण काँक्रीटवरून पाणी लवकर पोचते, वेळ कमी होतो, आणि कमी वेळेचा पाऊस नेहमीच जास्त तीव्र असतो. म्हणजे शहर वाढले की गुणांक आणि तीव्रता दोन्ही एकदम वाढतात. मोरी बांधणारे बहुतेक वेळा पहिलाच आकडा बदलतात.

रस्त्यावरची मोरी : ९०० मिमीचे तीन सिमेंट पाइप. एकूण छेद १.९१ चौरस मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला २.५ मीटर धरला तर ४.८ घनमीटर जाते. सध्या पाइपांत व्यासाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ आहे, म्हणजे छेद २९ टक्क्यांनी घटलेला. उरते ३.४. येणारे १२.७. बाकीचे रस्त्यावरून जाणार आणि रस्त्याच्या खालच्या बाजूला तळमजल्यावर घरे आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने काय केले ते पुण्याने पाहिले आहे. हा आकडा कागदावर ठेवून पावसाळा येऊ देणे शक्य नाही.

१९ ते २० मार्च

ओढ्यात मार्चमध्येही पाणी वाहते आहे. रहिवाशांना तो झरा वाटतो. तपासण्यासाठी ओढ्यात व्ही-खाचेची पाटी बसवली : ६ मिमी जाड पत्रा, ९० अंशांची खाच, कड खालच्या बाजूला तासून धारदार. पाटीच्या दोन्ही बगला आणि तळ काळ्या मातीने लिंपले, नाहीतर पाणी खालून निसटते आणि माप कमी येते. पट्टी पाटीला चिकटवून ठेवायची नाही. खाचेजवळ पाणी खाली झुकलेले असते. पाण्याच्या उंचीच्या किमान चौपट अंतर मागे खुंटी ठोकून तिच्यावर पट्टी लावली. उंची (मीटरमध्ये) अडीच घातांकाला चढवून १.३८ ने गुणले की प्रवाह घनमीटर प्रतिसेकंदात मिळतो.

चोवीस तास दर तासाला वाचन. पहाटे ३ वाजता उंची ५ सेंमी, प्रवाह ०.८ लिटर प्रतिसेकंद. सकाळी ७ वाजता ११ सेंमी, ५.५ लिटर. दुपारी पुन्हा खाली, संध्याकाळी ८ नंतर दुसरा चढ. झरा घड्याळ पाहत नाही. हे आंघोळीचे आणि भांडी घासण्याचे पाणी आहे. सात वाजता पट्टी धरून बसले की साबणाचा फेस खाचेतून उतरताना दिसतो आणि त्याचा वासही येतो.

दिवसाची सरासरी २.५ लिटर. खऱ्या झऱ्याचे अर्धा लिटर वजा केले तर २ लिटर, म्हणजे दिवसाला १७३ घनमीटर सांडपाणी. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी धरले तर हे सुमारे १,६०० माणसांचे.

याचा सरळ परिणाम कामाच्या क्रमावर होतो. मूळ आराखड्यात एप्रिलमध्ये गॅबियन बंधारे (तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेले) होते. ते मागे ढकलले. सांडपाणी वाहणाऱ्या ओढ्यात बंधारा घातला तर तो सांडपाणीच अडवेल आणि तेच खाली मुरेल. ओढ्याजवळच्या एका बोअरमध्ये नायट्रेट आताच लिटरला ६८ मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५.

२८ मार्च

रंगचाचणी. फ्लुरोसिन या हिरव्या रंगाची पूड बादलीत कालवून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एकेक करून ओतली आणि ओढ्याच्या तोंडाशी माणूस उभा केला. तिसऱ्या चेंबरनंतर नऊ मिनिटांत पावसाळी गटारातून हिरवे पाणी आले. खाली मुख्य ड्रेनेज लाइन तुंबलेली. तुंबण्याचा त्रास संपवण्यासाठी कोणीतरी चेंबरच्या भिंतीला भोक पाडून पाणी पावसाळी गटारात सोडून दिले होते. अशी दोन भोके आणि तीन इमारतींची चुकीची जोडणी सापडली.

भोक बुजवण्याआधी लाइन साफ करणे आवश्यक. उलटे केले तर सांडपाणी घरातल्या संडासातून वर येते. जेटिंग मशीन लावून ८० मीटर लाइन मोकळी केली, मग भोके बुजवली, मग जोडण्या बदलल्या.

९ एप्रिल

पुनर्भरणासाठी, म्हणजे छताचे पाणी जमिनीत सोडण्यासाठी, दोन जागी बोअर घेतले. ६ इंची. प्रत्येक दीड मीटरला बाहेर येणारा चुरा वेगळ्या पिशवीत भरून क्रमांक टाकला. ही सवय बोअर घेणाऱ्यांना नसते, उभे राहून करून घ्यावी लागते.

पहिल्या बोअरचे थर : १.२ मीटरपर्यंत भराव, ४.५ पर्यंत मुरूम, ११ पर्यंत मांजऱ्या, त्याखाली ४० सेंमी गेरूचा तांबडा थर, मग काळा पाषाण. मांजऱ्या म्हणजे लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी भोके पडलेला खडक. तो झिजला की पाणी धरतो. गेरूचा थर चिकट आणि घट्ट. पाणी त्याच्यावर अडते आणि आडवे सरकत ओढ्याकडे किंवा विहिरीकडे जाते. काळ्या पाषाणात फट लागली तरच पाणी, नाहीतर तो दगडी ताटलीच.

५,००० लिटरचा टँकर ओतून चाचणी घेतली. पहिला बोअर तासाभरात सगळे पाणी प्याला, म्हणजे १.४ लिटर प्रतिसेकंद. दुसरा वरून तसाच दिसणारा, पण मांजऱ्या जेमतेम दोन मीटर. दहा मिनिटांत काठोकाठ भरला आणि तासाभराने हातभरही उतरला नव्हता. दुसरा रद्द. टँकरच्या पाण्याला थोडा खर्च येतो. तो वाचवून रद्द होण्याजोग्या बोअरवर हजारोंचे फिल्टर बांधलेले या परिसरात किती आहेत ते मोजवत नाही.

केसिंगला (बोअरमध्ये उतरवलेल्या पाइपाला) १.५ मिमीच्या चिरा ४.५ ते ११ मीटर एवढ्याच पट्ट्यात. खाली २०० फूट नेण्याचा आग्रह होता, मानला नाही. पाणी घेणारा थर वर आहे.

१७ एप्रिल

सोसायटीचे छप्पर ८०० चौरस मीटर. १५ मिनिटांत २० मिमी पडले की, ९० टक्के हाती धरून, १४.४ घनमीटर पाणी येते. बोअर तेवढ्या वेळात १.३ घनमीटर घेतो. उरलेले १३ घनमीटर कुठे थांबणार, हा प्रश्न पुनर्भरणाच्या बहुतेक नकाशांत विचारलेलाच नसतो. ३ × २ × २ मीटरचा फिल्टर खड्डा दाखवून १२,००० लिटर साठवण लिहिली जाते. खड्डा दगड-खडीने भरलेला असतो. पोकळी चाळीस टक्के. साठवण ४,८०० लिटर, बस.

सोसायटीत टँकरसाठी बांधलेली १५,००० लिटरची जमिनीखालची टाकी पडून होती. छताचे पाणी आधी तिच्यात, मग फिल्टर, मग बोअर. भरलेली टाकी अडीच-तीन तासांत रिकामी होईल. त्याहून जास्त आलेले पाणी सांडव्याच्या पाइपाने बागेतल्या उथळ चरात.

फिल्टरची भरती खालून : ४० ते ६० मिमी दगड ६० सेंमी, २० मिमी खडी ४० सेंमी, जाड वाळू ४० सेंमी. थरांमध्ये नायलॉनची जाळी. खडी क्रशरवरून आली तशी भरायची नाही. एक पाटी खडी ड्रममध्ये धुतली तर तळाशी बोटभर राखाडी भुकटी बसली. ती भुकटी पहिल्या पावसात थेट केसिंगच्या चिरांत जाऊन बसते. सगळी खडी तीन पाण्यांनी धुतली. बोअरच्या तोंडाला हवा निघण्यासाठी १ इंची पाइप. तो नसला तर आतली हवा कोंडते आणि पाणी घेण्याचा वेग पडतो.

पहिला पाऊस बाहेर टाकायला १,२०० लिटरची वळवणी, म्हणजे छतावरचा दीड मिमी. रस्त्याचे आणि पार्किंगचे पाणी बोअरला अजिबात जोडलेले नाही. तेल, टायरची भुकटी आणि गाळ एकदा खडकात गेले की बाहेर काढता येत नाहीत.

वर्षाचा हिशेब रहिवाशांपुढे जसाच्या तसा ठेवला. ७२० मिमी पाऊस, ८० टक्के हाती, म्हणजे ४६१ घनमीटर. चाळीस घरे, घरी चार माणसे, माणशी १३५ लिटर : हे पाणी २१ दिवसांचे. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर ही व्यवस्था राज्याच्या विकास नियमावलीत बंधनकारक आहे, पण तिच्याने टँकर कायमचे बंद होतील असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. एकवीस दिवस मात्र खरे आहेत, आणि मे महिन्यात त्यांची किंमत कळते.

२ मे

मोरीचे काम. तीन पाइप काढून एकाच गाळ्याची ४.५ × १.५ मीटरची प्रीकास्ट पेटी बसली. वर ३० सेंमी मोकळे ठेवून १३.५ घनमीटर जाते. दोन गाळ्यांची स्वस्त पडत होती, पण मधल्या भिंतीवर फांद्या, गाद्या, प्लास्टिक अडकते आणि एक गाळा संपूर्ण बंद होतो.

मोरीच्या तोंडातून आडवी गेलेली पिण्याच्या पाण्याची लाइन वर उचलून घेतली. कचरा अडवणारी जाळी मोरीच्या तोंडाला न लावता आठ मीटर वर, ६० अंशांत तिरकी, गजांमध्ये १५० मिमी अंतर. उभी जाळी भिंत बनते. तिरक्या जाळीवर कचरा वर सरकतो आणि खालून पाणी जात राहते.

तळ खरवडताना फक्त गाळ आणि राडारोडा काढला, मुरूम लागताच थांबलो. यंत्र हाताशी असले की आणखी मीटरभर खोल जायचा मोह होतो. इथे खोल गेलो असतो तर मांजऱ्या उघडा पडून काठांतले पाणी दिवाळीआधीच ओढ्यात निथळून गेले असते.

१४ मे

टेकडीच्या खालच्या ६ हेक्टरांवर समतल चर. वनविभागाच्या हद्दीबाहेरचा, पूर्वपरवानगी घेतलेला भाग. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, ओळींमधले अंतर १० मीटर. पातळी ए-फ्रेमने (ओळंबा लावलेल्या ए आकाराच्या चौकटीने) आखली, दर दहाव्या खुंटीला लेव्हल पाइपने तपासली. सलग चर घेतले नाहीत. तीन मीटर चर, तीन मीटर जमीन, पुढच्या ओळीत चर रिकाम्या जागेसमोर. सलग चर एका ठिकाणी फुटला तर अख्ख्या ओळीचे पाणी एकाच तोंडातून खाली येते आणि खाली सोसायट्या आहेत. इमारतींसाठी उभ्या कापलेल्या डोंगरकड्याच्या वर तर एकही चर नाही; तिथे पाणी मुरवणे म्हणजे दरड सैल करणे.

एकूण चर ३,००० मीटर, साठवण ५४० घनमीटर. हा आकडा मोठा वाटतो. पुराच्या १२.७ ने भागला की ४३ सेकंद होतात. चरांनी पूर थांबत नाही. तिथे मोरीच लागते. चर माती धरतात आणि साध्या पावसाचे पाणी मुरवतात, त्यासाठीच घेतले.

२० मे

व्ही-खाच : पहाटे ३ वाजता ३ सेंमी, सकाळी ७ वाजता ३ सेंमी. ०.२ लिटर. ओढा आटला म्हणून चार जणांची तक्रार आली. त्यांना पाटीजवळ नेऊन दोन्ही वाचने दाखवली. मे महिन्यात हा ओढा असाच असायला हवा.

२९ मे

आता गॅबियन, तीन जागी. पेट्या २ × १ × १ मीटर, पीव्हीसी लेप असलेली २.७ मिमी तार. दगड १५० ते २५० मिमी, फुटके आणि कोनदार. पेटी एक तृतीयांश भरली की समोरची आणि मागची जाळी तारेने बांधायची, मग पुढचा थर. नाहीतर पोट सुटते. पाया तळाखाली अर्धा मीटर, दोन्ही काठांत एक मीटर शिरवलेला. खाली पाणी पडते तिथे ३० सेंमी जाड दगडी गादी, दोन मीटर लांब. तिसऱ्या जागी उजव्या काठाला भरावाची माती होती. एक मीटर आत जाऊनही ठोस जमीन लागली नाही. तरी बांधकाम पुढे गेले.

१३ जून

पहिला पाऊस, ११ मिमी. वळवणीतले पाणी चहासारखे. फिल्टरनंतरचे बाटलीत धरले तर मागे ठेवलेले वर्तमानपत्र वाचता येत होते.

२४ जून

५० मिनिटांत ४२ मिमी. त्यातले १९ मिमी पंधरा मिनिटांत. हिशेबाने मोरीवर ८.८ घनमीटर यायला हवे होते. पेटीत पाण्याची उंची ८२ सेंमी, तरंगत्या लाकडाने मोजलेला पृष्ठवेग २.७ मीटर, ०.८५ ने गुणून २.३, प्रवाह ८.५. हिशेब आणि ओढा जुळले. गाळ भरलेले जुने पाइप असते तर निम्म्याहून जास्त पाणी रस्त्यावर आले असते.

तिसऱ्या गॅबियनला पाण्याने उजवीकडून बगल दिली. पेट्या जागेवर, शेजारी दोन मीटर रुंद खिंडार, काठाची माती खाली वाहून गेलेली. २९ मे च्या नोंदीत कारण लिहिलेलेच आहे. तेव्हाच थांबायला हवे होते.

वरच्या बांधकामाच्या जागेवरून आलेले पाणी लिटरच्या बाटलीत तासभर ठेवले : ४० मिलिलिटर गाळ. पहिल्या गॅबियनमागे एका पावसात ३५ सेंमी गाळ बसला. तिथे खोदलेली माती उघडी ठेवलेली होती.

२८ जून

तिसरा बंधारा उजवीकडे तीन मीटर वाढवून खडकात शिरवला, मागे जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देऊन माती अडवणारे कापड), काठाला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर. सांडव्याचा मधला भाग ३० सेंमी खाली घेतला, म्हणजे पाणी काठाकडे न जाता मध्यावरून पडेल. बांधकामाच्या जागेच्या खालच्या कडेला मातीच्या गोण्यांचा बांध आणि ४ × ३ × १.५ मीटरचा गाळखड्डा, दर आठवड्याला रिकामा करण्याच्या लेखी अटीसह.

१८ जुलै

फिल्टरचा वेग पडला. टाकी रिकामी व्हायला तीनऐवजी आठ तास. वरची ५ सेंमी वाळू खरवडून धुतली आणि परत टाकली. वेळ पुन्हा तीन तासांवर. बोअर तुंबलेला नव्हता, वरचा थर तुंबला होता. वर्षातून एकदा सगळा फिल्टर उपसण्यापेक्षा महिन्यातून एकदा वरचे दोन इंच काढणे सोपे. वॉचमनकडच्या वहीत तारखा लिहून दिल्या.

१२ ऑगस्ट

चरांच्या ओळी पाहिल्या. अकरा ठिकाणी बांध खचले, हाताने नीट केले. गवत धरले आहे.

९ ऑक्टोबर

विहीर : जमिनीपासून २.१ मीटर. जूनच्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांत ती ४० सेंमी चढली होती. ओढ्याजवळच्या त्या बोअरमधले नायट्रेट ५१ वर आले. अजून मर्यादेच्या वर, म्हणून ते पाणी बागेलाच.

२७ नोव्हेंबर

पावसाळ्यात काढून ठेवलेली पाटी पुन्हा बसवली, बगला लिंपल्या. सकाळी ७ वाजता ६ सेंमी. पहाटे ३ वाजता टॉर्चच्या उजेडात ६.१ सेंमी. सुमारे १.२ लिटर प्रतिसेकंद, रात्रंदिवस सारखे. फेस नाही. खाचेतून पडणारी धार काचेसारखी, आणि पाटीमागच्या डबक्यात मासोळ्या आहेत. यातले चरांचे किती, बंधाऱ्यांचे किती आणि यंदाच्या पावसाचे किती हे एका वर्षात सांगता येणार नाही. पाटी तशीच ठेवली आहे. पुढचे चोवीस तासांचे वाचन १९ मार्चला, गेल्या वर्षीच्याच तासांना.